कुठल्या हॉटेलात उतरलायस?

जून १८९४ चे शेवटचे दिवस. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स गावात अठरा वर्षांचा एक पोरगा मालगाडीच्या डब्यातून दुपारी उतरला आणि तडक धबधबा बघायला गेला. तिथे इतका गुंगला की लोकांच्या दारी जाऊन जेवण मागायची वेळ टळून गेली. रात्री अकरापर्यंत चांदण्यात पाणी बघत बसला, मग गावाबाहेरच्या एका शेतात जाऊन झोपला. पहाटे पाचला जाग आली. इतक्या लवकर कुणाचं दार वाजवायचं म्हणून पुन्हा धबधब्याची वाट धरली, तर समोरून तिघं चालत आले. त्याला वाटलं, तिघंही आपल्यासारखेच भटके. दोघं होतेही. मधला मात्र साध्या वेशातला पोलीस होता. त्याने एकच प्रश्न विचारला : कुठल्या हॉटेलात उतरलायस?

पोरगा कुठेच उतरला नव्हता. थाप मारावी तर गावातल्या एकाही हॉटेलाचं नाव ठाऊक नव्हतं. झालं. आरोप : भटकेपणा. सजा : तीस दिवस.

पोराचं नाव जॅक लंडन. पुढे कादंबरीकार म्हणून तो जगभर गाजला, म्हणूनच ही हकिगत आपल्यापर्यंत पोचली. त्याच्यासोबत त्या दिवशी कोर्टात उभे असलेल्या बाकीच्यांची हकिगत कुठेच नोंदलेली नाही. हॉबो म्हणजे काय, ते कसे जगत आणि कायद्याला त्यांचं नेमकं काय खुपत होतं, हे समजून घ्यायला मला हे एक प्रकरण पुरेसं वाटतं. एक सावधगिरी आधीच सांगतो. या प्रकरणातला मुख्य साक्षीदार लंडन स्वतःच आहे. त्याने ते १९०३ च्या एका लेखात थोडक्यात लिहिलं आणि १९०७ मध्ये आठवणींत सविस्तर. आणि थापा मारण्यात आपण किती पटाईत होतो, हे त्याच आठवणींत त्याने अभिमानाने सांगितलंय.

नायगारापर्यंत कसा आला

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड झाली. रेल्वे कंपन्या कोसळल्या, शेकडो बँका बुडाल्या, लाखोंचं काम गेलं. ओहायोतल्या मॅसिलॉन गावच्या जेकब कॉक्सी नावाच्या व्यावसायिकाने मागणी केली की सरकारने रस्ते बांधायला काढावेत आणि बेकारांना काम द्यावं. २५ मार्च १८९४ ला तो बेकारांचा जथा घेऊन वॉशिंग्टनला चालत निघाला. १ मे रोजी संसदेपुढे पोचला. तिथे त्याला पकडलं ते हिरवळीवर पाय ठेवला म्हणून, आणि त्यासाठी वीस दिवस आत टाकलं. बेकारीवर बोलायला आलेल्या माणसावर गवत तुडवल्याचा खटला!

याच चळवळीची एक तुकडी कॅलिफोर्नियातून ‘जनरल’ केलीच्या हाताखाली निघाली होती. लंडन ऑकलंडचा. तागाच्या गिरणीत दिवसाला दहा तास काम करून, मग वीजकंपनीत कोळसा ओढून पाठ मोडलेली. एप्रिलमध्ये तोही तुकडीत सामील व्हायला निघाला, पण तुकडी आधीच पुढे गेलेली. मग मालगाड्या पकडत, बर्फातून सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडत त्याने तिला गाठलं. पुढे आयोवात ही फौज होड्या करून डेमॉइन नदीतून खाली गेली. मे अखेरीस मिसूरीतल्या हॅनिबलला लंडनने फौजेला रामराम ठोकला, कारण सरळ होतं : पोटाला मिळत नव्हतं. तिथून पुढे तो कुठल्याच चळवळीचा नव्हता. नुसता हॉबो होता.

पत्त्यावाचून जगायची रीत

‘हॉबो’ला आपण सरसकट भिकारी किंवा भटक्या म्हणून मोकळे होतो. त्यांच्यात हे चाललं नसतं. त्यांची वर्गवारी ठरलेली होती. हॉबो फिरतो आणि काम करतो. ट्रॅम्प फिरतो पण काम टाळतो. बम ना फिरतो ना काम करतो. प्रत्यक्षात एकच माणूस एका वर्षात तिन्ही असू शकायचा, लंडनही होता. पण वर्गवारी उगाच केलेली नव्हती. कॅन्ससपासून डकोटापर्यंत गहू पिकत जाईल तशी कापणीला हजारो माणसं उत्तरेकडे सरकत जावी लागत. लाकूडतोड, कॅलिफोर्नियातली फळं, हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापणं, खुद्द रेल्वेचे रूळ टाकणं, सगळी कामं हंगामी. माणूस हंगामापुरता हवा. हंगाम संपला की तो त्याच गावाला नकोसा. तिकिटाचे पैसे कोणी देत नसे. म्हणून मालगाडी. आपल्याकडचा ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन कुटुंबासह टोळीने जातो आणि परत येतो. हॉबोला मुकादम नव्हता, टोळी नव्हती आणि परतायला गाव नव्हतं.

गाडी पकडायचं तंत्र लंडनने फार तपशिलात लिहिलंय. रिकाम्या वाघिणीत शिरणं सगळ्यात सोपं. प्रवासी गाडी असेल तर इंजिनाला लागून असलेल्या टपालडब्याच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं. तिथे दार नसल्याने आतून कोणी येऊ शकत नसे, म्हणून त्या जागेला म्हणत ‘ब्लाइंड’. गाडीचे ब्रेक सांभाळणारा रेल्वेचा माणूस, ब्रेक्समन, म्हणजे ‘शॅक’. त्याने पाठलाग केला तर छतावर. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे ‘रॉड’ : डब्याच्या पोटाखालच्या लोखंडी सळ्यांवर अंग चोरून पडायचं, खाली वीतभर अंतरावरून खडी पळतेय. सूड घ्यायला निघालेला शॅक दोरीला लोखंडी खिट्टी बांधून ती डब्याखाली सोडायचा. वेगात ती खिट्टी रुळांच्या फळ्यांवर आपटून उसळे आणि सळीवरच्या माणसाला ठेचत जाई. १९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकेच्या रेल्वेमार्गांवर सुमारे २४ हजार ‘अतिक्रमी’ मेले आणि त्याहून थोडे जास्त जखमी झाले. त्यात रूळ ओलांडणारे आसपासचे गावकरीही होते, सगळे हॉबो नव्हते. तरीही गिटार, चांदणं आणि मालगाडीचं उघडं दार अशी जी चित्रं आज विकली जातात, त्यांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघावा.

मुक्काम पडे ‘जंगला’त. हे खरं जंगल नव्हे. इंजिनं पाणी भरायला थांबत त्या टाकीजवळचा किंवा मोठ्या जंक्शनबाहेरचा ओढ्याकाठचा तळ. कोणी बटाटे आणायचं, कोणी कांदा, कोणी खाटकाकडून मागून आणलेलं हाड, आणि सगळं एका डब्यात शिजायचं. त्याला ‘मलिगन’ म्हणत. नेल्स अँडरसन हा समाजशास्त्रज्ञ स्वतः हॉबो म्हणून फिरलेला. शिकागोतल्या हॉबोंवरचा त्याचा अभ्यास १९२३ साली निघाला, त्यात जंगलातले गुन्हे नोंदलेत : झोपलेल्या माणसाला लुटणं, पोलिसांच्या धाडीचं भय असताना रात्री जाळ करणं, अन्न वाया घालवणं, भांडी खरकटी सोडून जाणं. भांड्यांचा मालक कोणीच नाही, म्हणून घासायची जबाबदारी प्रत्येकाची. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही विचारा, हा नियम पाळून घेणं किती अवघड आहे ते.

नाव हाही तसाच प्रकार. घरचं नाव कोणी सांगत नसे. प्रत्येकाला एक टोपणनाव, त्याला ते ‘मॉनिका’ म्हणत. लंडनचं ‘सेलर जॅक’. पाण्याच्या टाकीवर चाकूने नाव कोरायचं, खाली तारीख आणि कुठल्या दिशेला चाललो ते. मागून येणाऱ्याला कळायचं, आपला माणूस तीन दिवसांपूर्वी पश्चिमेकडे गेला. त्याच वर्षी कॅनडात एका टाकीवर लंडनला ‘स्कायसेल जॅक’ हे नाव दिसलं. हाही आपल्यासारखा दर्यावर्दी, एवढ्यावरून तो त्याच्या मागे लागला. कधी हा पुढे, कधी तो. अख्खा खंड ओलांडेपर्यंत पाठलाग चालला आणि दोघांची भेट झालीच नाही. (आज इंटरनेटवर हॉबोंच्या सांकेतिक चिन्हांचे तक्ते फिरतात, मांजराचं चित्र म्हणजे घरातली बाई दयाळू वगैरे. ती चिन्हं सर्रास वापरात होती याचे भक्कम पुरावे इतिहासकारांना मिळालेले नाहीत. टाक्यांवरची नावं मात्र खरी.)

आणि मग मागणं. आपल्याकडे माधुकरीला धर्माचं कवच होतं. दारात ‘ॐ भवति’ म्हटलं की पुढचं सगळं समजून घेतलं जाई. हॉबोला दर दारी नवी गोष्ट रचावी लागे. दार उघडणारी बाई आहे की पुरुष, म्हातारी आहे की तरुण, चेहऱ्यावर करुणा आहे की संशय, हे क्षणात हेरायचं आणि तिथल्या तिथे आयुष्य बनवायचं. आई वारली, बहिणीकडे चाललोय, जहाजावर कप्तानाने छळलं. पुडीत बांधून मिळालं तर हातावरचं जेवण. स्वयंपाकघरात टेबलाशी बसवून वाढलं तर तो सण. आपण लेखक झालो त्याचं बरंचसं श्रेय या तालमीला आहे, असं लंडन म्हणतो. गोष्ट पटली नाही तर उपाशी झोपायचं. एवढा कडक संपादक त्याला पुढे भेटला नसेल.

हे सगळं एकत्र ठेवलं तर माझ्या लेखी हॉबो संस्कृतीचा गाभा दिसतो, आणि तो स्वातंत्र्य वगैरे नाही. घराशिवाय स्वयंपाकघर, टपालाशिवाय निरोप, ओळखीशिवाय विश्वास : पत्ता नसताना माणसाला जे जे लागतं ते उभं करायची ही व्यवस्था होती. नायगाराच्या पोलिसाने नेमकी तीच एक गोष्ट विचारली जिच्यावर या व्यवस्थेत उत्तर नव्हतं.

पंधरा सेकंद

कोर्टात सोळा आरोपी. न्यायाधीश आणि दोन शिपाई. साक्षीदार नाही, वकील नाही. नाव पुकारलं की माणूस उभा राहायचा. शिपाई म्हणायचा, भटकेपणा, महाराज. न्यायाधीश म्हणायचा, तीस दिवस. माणूस बसायचा, पुढचा उठायचा. लंडनच्या हिशेबाने माणशी पंधरा सेकंद. एकाने सांगायचा प्रयत्न केला की मी लॉकपोर्टचा गाडीवान, वर्षानुवर्षं काम केलं, मंदीत काम गेलं. त्यालाही सुटका नव्हती. लंडनची पाळी आली तेव्हा गुन्हा कबूल आहे की नाही, हेदेखील विचारलं गेलं नाही. तो बोलायला लागला तर गप्प बसवलं. वकील मागितला तर हसले. आपले पूर्वज याच हक्कांसाठी लढले, असं काहीबाही त्या अठरा वर्षांच्या डोक्यात घोळत होतं. सुटल्यावर या लोकांना कोर्टात खेचायचं, असा बेतही त्याने केला.

नायगाराचं ते कोर्ट अपवाद होतं म्हणावं, तर कायदाच तसा होता. याआधीच्या, १८७३ च्या मंदीनंतर न्यू जर्सीने १८७६ मध्ये ‘ट्रॅम्प’विरोधी कायदा केला आणि राज्यामागून राज्यांनी तो कित्ता गिरवला. मूळ जुन्या इंग्रजी कायद्यात. बाकी गुन्ह्यात माणसाने काहीतरी केलेलं असावं लागतं. इथे तो कोण आहे, यावरच खटला. कायम ठिकाणा नाही आणि उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही, एवढं पुरे. तारखाही बघा. २६ जूनला, म्हणजे लंडनच्या अटकेच्या दोनतीन दिवस आधी, पुलमन कंपनीच्या डब्यांवर रेल्वे कामगारांनी बहिष्कार पुकारला होता आणि पुढच्या आठवड्यात शिकागोत सैन्य उतरलं. त्या उन्हाळ्यात रुळांजवळ दिसणारा प्रत्येक फाटका माणूस संशयित होता.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी आपल्याकडे अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला. तुलना फार ताणू नये. हॉबो रस्ता सोडून शाळेत जाऊ शकत होता, लंडन तसा गेलाही. पारध्याच्या पोराला ती मुभा नव्हती. पण १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा काढून बघा. भीक मागण्याच्या व्याख्येत एक कलम असं आहे की उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणं किंवा थांबणं, की ही व्यक्ती भिकेवर जगत असावी असं वाटावं. म्हणजे हात पुढे केलाच पाहिजे असंही नाही. हाच कायदा दिल्लीला लागू होता; तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली शिक्षेची कलमं घटनाबाह्य ठरवली.

अमेरिकेत हा हिशेब १९७२ मध्ये चुकता झाला. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराचा भटकेपणाचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, एकही विरोधी मत न पडता. कारण दिलं की नियम इतका मोघम आहे की काय केल्याने गुन्हा होतो हे साध्या माणसाला कळणार नाही आणि पोलिसाला मात्र कोणालाही उचलता येईल. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम डग्लस वाढले वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात. १९२२ मध्ये ते कायदा शिकायला न्यूयॉर्ककडे निघाले तेव्हा पहिला मोठा टप्पा त्यांनी मालगाडीत, मेंढ्यांची राखण करत काढला होता. तरुणपणी मालगाड्यांवर भेटलेल्या हॉबोंबद्दल ते आयुष्यभर जिव्हाळ्याने बोलत. त्यातलं किती तंतोतंत खरं, यावर त्यांचे चरित्रकार वाद घालतात. पण निकालाच्या मजकुरात निरुद्देश भटकण्याचं कौतुक आहे, ते कुणीही वाचावं.

आतलं जग

इथवर लंडन अन्याय झालेला पोरगा आहे. बफेलोच्या एरी परगण्याच्या तुरुंगात चित्र बदलतं, आणि त्याने ते लपवलेलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

सोळा जणांना जोडीजोडीने बेड्या घालून एका साखळीत ओवलं आणि आगगाडीने बफेलोला नेलं. डोकं भादरलं, मिसरूड उतरवलं, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवले, लस टोचली, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पावलाला पाऊल जुळवत चालवलं. जेवण म्हणजे पावाचा तुकडा आणि गरम पाणी. सकाळी त्याला कॉफी म्हणायचं, दुपारी सूप, रात्री चहा.

पण गाडीतच त्याने एक मुरलेला कैदी हेरून ठेवला होता. आपल्याजवळची तंबाखू त्याच्याशी वाटून घेतली. त्या माणसाच्या आत ओळखी होत्या. दोन दिवस आवारात अंगमेहनत केल्यावर लंडन ‘हॉलमन’ झाला, म्हणजे कैद्यांवर नजर ठेवणारा कैदी. असे तेरा जण होते आणि त्यांच्या हाताखाली पाचेकशे. पाव वाटायचं काम या तेरांकडे, शिल्लक पावही त्यांच्याकडे. मग बाजार सुरू. पावाला तंबाखू, तंबाखूला पुस्तक किंवा सदरा, एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत निरोप पोचवायचा तर त्याचंही मोल. सगळ्यात भुकेला असेल त्याच्याकडून सगळ्यात जास्त उकळायचं. बाहेरचे प्रतिष्ठित धंदेवाले हेच करतात, आम्ही त्यांचाच कित्ता गिरवत होतो, असं लंडन लिहितो. समर्थन म्हणून ते लंगडं आहे, निरीक्षण म्हणून चोख. जंगलात मलिगनच्या डब्याभोवती बसलेला तोच माणूस इथे पावाचे तुकडे मोजत होता. भांडी घासून ठेवण्याचा नियम कोणाच्या रक्तात नसतो. जंगलात वरचढ व्हायची सोय नव्हती म्हणून तो टिकला, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो.

एक प्रसंग त्याने लिहिलाय, तो वाचून पुढे जाववत नाही. वीसेक वर्षांचा एक मिश्रवर्णी तरुण आपल्या हक्कांसाठी अडून बसला. त्याची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर. आठ हॉलमननी त्याला पाच लोखंडी जिन्यांवरून मारत, लोळवत खाली आणलं. दीड मिनिट लागलं. तो फरशीवर येऊन आदळला तिथेच लंडन उभा राहून बघत होता. कोर्टात हक्कांची भाषा याच्याही ओठांवर होती. फरक एवढाच की हा गोरा होता, तंबाखू वाटून आला होता आणि गप्प बसायला लवकर शिकला.

रंगाचा प्रश्न रुळांवरही होताच. मार्च १९३१ मध्ये अलाबामातल्या पेंट रॉक इथे मालगाडीतून नऊ काळ्या पोरांना खाली ओढलं. गोऱ्या पोरांशी गाडीत मारामारी झाली होती, आणि त्याच गाडीतल्या दोन गोऱ्या बायकांनी बलात्काराचा खोटा आरोप केला. जवळपास दोन आठवड्यांत नवांपैकी आठ जणांना फाशीची सजा सुनावली गेली. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर फाशी कोणालाच झाली नाही, पण तुरुंगात गेलेली वर्षं गेलीच. शेवटचे माफीनामे २०१३ मध्ये निघाले, तेव्हा नवांतलं कोणीच हयात नव्हतं. बिनतिकीट प्रवास तोच. लंडनला तो तीस दिवसांना पडला.

सुटका

जुलैअखेर तीस दिवस भरले. न्यायाधीशाला कोर्टात खेचायचा बेत केव्हाच विरून गेला होता. आत जे पाहिलं त्यानंतर तो निमूट बाहेर पडला, हे त्याने स्वतःच लिहिलंय. पुढच्या वर्षी तो ऑकलंडच्या शाळेत वयाने लहान पोरांच्या बाकावर जाऊन बसला. अंगमेहनतीवर जगायचं नाही आणि समाजाच्या तळाच्या त्या खड्ड्यात पुन्हा पडायचं नाही, ही शपथ आपण रस्त्यावर घेतली, असं १९०३ च्या लेखात आहे.

पण ते पुढचं. सुटला त्या दिवशी सोबत तोच मुरलेला कैदी होता, ज्याने त्याला हॉलमन करवलं होतं. बाहेर पडलो की जोडीने चोऱ्या करायच्या, असं दोघांचं आत ठरलेलं. लंडनने मान डोलावली होती. न डोलावता चाललं नसतं. बफेलोच्या मुख्य रस्त्यावर दोघांनी येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागितले आणि एका गुत्त्यात जाऊन बिअर घेतली. साथीदार आत असतानाच लंडन मागच्या बाजूने सटकला, कुंपणावरून उडी मारली आणि पळत सुटला. काही मिनिटांत तो पेनसिल्व्हेनियाच्या दिशेने निघालेल्या मालगाडीच्या डब्यात होता.